धरलं तर धरतंय

सांगलीच्या मार्केट यार्डातून फोन.
आजार एवढाच सांगितला :
'मुजावरताई, धरलं तर धरतंय, न्हाईतर न्हाई.'
असले आजार मला आवडत नाहीत.
मेलेलं यंत्र सरळ असतं,
त्याला काही लपवायचं नसतं.

मिरजेहून स्कूटीवर येईपर्यंत
मनात चार-पाच संशयित उभे केले होते.
पोचले, बटण दाबलं,
तर गडी पहिल्या हाकेला हजर.
बाहुबलीशेठ मगदूम ओशाळले :
'सकाळपासून सतरांदा दाबलंय हो मी.'
म्हटलं, असू दे, बंद करून बघू.
बंद केलं, आणि मग तासभर
ते जे रुसून बसलं.

बाजूचा पत्रा काढला.
आत हळद.
पंख्याच्या पात्यांवर, फटीफटींत,
अकरा हंगामांची, चिकट, विटलेली,
जणू या बोर्डाला कुणी हळद लावून ठेवलीय
आणि वऱ्हाड आलंच नाही.
ब्रश फिरवला तशा शिंका सुटल्या.
दारातून इराप्पा हमाल हसला :
'आमच्या फुफ्फुसात बी हाय तेवढी.'
यावर कुणीच काही बोललं नाही.

रॅम काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात पुसले,
परत बसवली. नाण्याएवढा सेल बदलला.
बटणाला मध्ये न घेता
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं दोन पिना जोडून थेट विचारलं.
पंखा अर्धा फेरा फिरला
आणि थांबला,
ओठांवर आलेलं नाव विसरावं तसा.

पॉवर सप्लाय सोडवला.
यू-पिन वाकवून हिरवी तार काळीला टेकवली.
चालतोय.
पुन्हा टेकवली. नाही.
पुन्हा. चालतोय.
सापडला चोर, म्हणून पिशवीतला नवा कोरा लावला,
तर तोही तसाच वागला.
तेव्हा मी पहिल्यांदा
हातातलं सगळं खाली ठेवलं.

'आधी कोण बसायचं इथं?'
'उपाध्ये मुनीम. श्रीमंधर उपाध्ये.
दिवाळीला सोडलं, पोराकडं हुबळीला गेले.'
'त्यांना कधी अडलं?'
शेठनी डोकं खाजवलं. 'न्हाई बा.
त्यांचं ऐकायचं ते.
आणि जेवायला उठले तरी बंद करून उठायचे.
आम्ही म्हणायचो, काय काटकसरी माणूस.'

मी मुनिमांच्या खुर्चीत बसले.
खुर्ची उंच माणसाची, माझे पाय लोंबकळले.
घसरून पुढं सरकले, उजवा पाय लांब केला,
तर टेबलाखाली जमिनीवर
एक जुना एक्स्टेंशन बोर्ड लागला,
तीन खाचांचा, कडेला जळून काळा.
प्लगच्या पाठीवर झिजून गुळगुळीत झालेली जागा,
बरोबर एका टाचेएवढी.

'शेठ, आता दाबा.'
टाच रोवली. चालू.
टाच उचलली.
गेलं.
रोवली. चालू.
इराप्पा पोतं टाकून बघायला आला.

अकरा वर्षं
लिलावाच्या गलक्यात, आवकीच्या आकड्यांत
वर दोन बोटांनी टाइप करणारा माणूस
खाली उजवा पाय हलवत नव्हता.

बोर्ड एकशे ऐंशी, येण्याजाण्याचे तीनशे.
शेठना वाटलं फार झाले
एका सैल खाचेचे. मला पण वाटलं थोडं.
हळद झाडल्याचे लावलेच नाहीत.

जाताजाता त्यांनी हुबळीला फोन लावला,
स्पीकरवर. 'मुनीम, कॉम्प्युटर झाला बरं का चालू.'
पलीकडं कुकरची शिट्टी, मग बराच वेळ काही नाही.
'खाली बघितलंसा वाटतं,' मुनीम म्हणाले.
आणि लगेच, घाईनं :
'राजापुरी काय दरानं गेली आज?'

शेठनी सांगितला दर,
स्क्रीनवर बघून.